दस्तरखानापूर्वीची उमेदवारी

मुसलमानी मुलखात जाणाऱ्या प्रवाशाने कोणता आचार पाळावा, याविषयी साहेबलोकांसाठी लिहिलेली मार्गदर्शक पुस्तके चाळताना मराठी गृहस्थास अपरिचित असे फारसे काही आढळत नाही. कारण डाव्या हाताने अन्नास शिवू नये, पादत्राणे उंबऱ्याबाहेर काढावीत, वडीलधाऱ्यांसमोर पाय पसरून तळवे दाखवू नयेत, हे सर्व कायदेकानू आमच्या आजीने, मक्का-मदिनेशी यत्किंचितही संबंध नसताना, पाठीत धपाटे घालून आम्हांस मुंजीपूर्वीच शिकविले होते.

तथापि चिरंजीवांनी मस्कतहून आम्हां उभयतांस बोलावणे धाडले, आणि आपल्या ओमानी वरिष्ठांच्या घरचे जेवणाचे निमंत्रण आमच्या वतीने परस्पर स्वीकारूनही टाकले, तेव्हा अण्णा नगरातील आमच्या बिऱ्हाडी मसलत भरली. सल्लागार अर्थातच वरच्या मजल्यावरचे भाई. (मद्रासेकडे मुसलमान गृहस्थास सारे जण ‘भाई’च म्हणतात, नाव पुसण्याचा शिरस्ता नाही.) आंबूरच्या कातड्याच्या व्यापारातून निवृत्त झालेले हे सद्गृहस्थ दर रमजानात आमच्यासाठी नोंबू कंजी, म्हणजे तांदूळ, मूगडाळ, मेथ्या आणि नारळाचे दूध यांची रोजा सोडण्याची पेज, मुद्दाम मटणाविना करवून पाठवितात, आणि दुसऱ्या वाटीस आम्ही नकार दिला की थेट तंजावरचा इतिहास काढतात. “तुमच्या प्रतापसिंह राजानं नागूरच्या दर्ग्याला 131 फुटांचा मनोरा बांधून दिला, आणि तुम्हाला, सार, एक वाटी पेज जड होते?” आमच्या टॉवर पार्कातला 1968 च्या व्यापारी प्रदर्शनाचा मनोरा 135 फुटांचा आहे, असे आम्ही एकदा बजावून पाहिले, परंतु तिथे नवस फेडायला कोण जातो, या त्यांच्या बिनतोड सवालापुढे वाटी पुढे करण्यावाचून गत्यंतर राहिले नाही.

भाईंनी प्रथम किरकोळ कलमे उरकली. रमजानात दिवसाउजेडी चारचौघांत पाण्याचा घोटही घेऊ नये, तिकडे तो गुन्हा आहे. हे ऐकून निर्जळी एकादशी करणाऱ्या आमच्या सौभाग्यवतींनी केवळ किंचित स्मित केले. मद्य भेट नेऊ नये. तो जिन्नस आमच्या ट्रंकेत कधीच नव्हता. कहव्याचे प्रकरण मात्र नाजूक निघाले. बिनकानाच्या चिमुकल्या पेल्यात वेलदोड्याचा कहवा खजुरासोबत देतात, आणि पाहुणा पेला हातात धरून स्वस्थ बसला तर यजमान तो भरतच राहतो. पुरे झाले असे सांगायचे असल्यास पेला दोन बोटांत धरून हळूच हलवायचा. आमच्या घरात पेला हलविण्याचा अर्थ साखर तळाशी बसली असा होत असल्यामुळे, फिल्टर कॉफीच्या टंबलरवर आमची जी तालीम झाली, तिच्यात सौभाग्यवतींनी दर खेपेस सवयीने साखरेचा डबा पुढे केला.

खरी हरकत निघाली ती थाळीची. जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर भाताची एकच परात ठेवून सर्वांनी तीतूनच जेवावे, हा तिकडचा दस्तूर कानी पडताच, नवऱ्याच्या पानातली चटणीसुद्धा उष्टी मानणाऱ्या आमच्या सौभाग्यवतींचा चेहरा तहकूब झालेल्या सभेसारखा दिसू लागला. एक स्वतंत्र ताटली मागून घेण्याची तजवीज होईल का, असे त्यांनी विचारले. भाईंनी शांतपणे खुलासा केला, “तसं नाही, अम्मा. प्रत्येकानं आपापल्या पुढ्यातलंच खायचं. दुसऱ्याच्या बाजूला हात घालणं हा मोठा अविवेक.”

“म्हणजे हद्द ठरलेली, आणि अतिक्रमणाला मनाई?”

“अगदी.”

“मग आमच्या रत्नागिरीच्या भाऊबंदांना ही परात फार आधी दाखवायला हवी होती,” असे म्हणून त्यांनी संमती दिली. भाई उठता उठता म्हणाले, की हा नियम एकटा यजमान मोडतो. मांसाचा सर्वांत चांगला तुकडा तो स्वतःच्या हाताने पाहुण्याच्या पुढ्यात आणून ठेवतो, आणि तो नाकारणे बरे दिसत नाही. आयुष्यात अंड्यालाही न शिवलेल्या सौभाग्यवतींनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, आणि मामलेदाराच्या निर्विकारपणे निकाल दिला, “तो ह्यांच्या वहिवाटीत घालावा.”