सात महिन्यांची किंमत

परदेशातून आलेल्यांना सामावून घेण्यात कोणता देश पुढे, याची एक गुणपत्रिका निघते. ‘मायपेक्स’ तिचं नाव. २०२० च्या यादीत स्वीडन १०० पैकी ८६ गुणांसह पहिला. पुढे एप्रिल २०२२ मध्ये त्याच देशाच्या पंतप्रधान माग्दालेना अँडरसन यांनी जाहीरपणे सांगितलं : आपल्याकडे समांतर समाज उभे राहिले आहेत.

मग हे ८६ गुण कशाचे?

कायद्यांचे. नोकरी, शिक्षण, आरोग्य, बायकामुलांना बोलावून घेणं, नागरिकत्व : नियम काय म्हणतात, ते तपासायचं आणि गुण द्यायचे. चांगले नियम हवेतच. पण पाककृती वाचून जेवणाची चव ठरवायची का?

भारताला त्याच यादीत २४. ५२ देशांत शेवटचा नंबर. निर्वासितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदाच नाही. तेव्हा युरोपची फजिती पाहून आपण टाळ्या वाजवू नयेत.

सरकारं स्वतः काय मोजतात? भाषेच्या वर्गाला किती जण बसले, किती पास झाले, पैसा किती गेला. जर्मनीत भाषेच्या ६०० तासिका असतात. परीक्षा कायम आलेल्या माणसाची. धोरणाची कधी?

घेता येते की तीही! जर्मनीत १९९९ मध्ये आश्रय मागायला आलेल्यांना काम करण्याच्या परवान्यासाठी २००० मध्ये आलेल्यांपेक्षा सरासरी सात महिने जास्त थांबावं लागलं. संशोधकांनी युगोस्लाव्हियातून आलेल्या दोन्ही गटांचा माग काढला. देश तोच, माणसं तशीच. बंदी उठून पाच वर्षं झाली, तरी जास्त थांबलेल्यांत नोकरी असलेल्यांचं प्रमाण २० टक्के-बिंदूंनी कमीच होतं.

सात महिने हात बांधून ठेवायचे आणि मग आळशी म्हणायचं.

डेन्मार्कने २००२ मध्ये नव्या निर्वासितांच्या भत्त्याला मोठी कात्री लावली. पोटाला चिमटा बसला की माणूस कामाला लागतो, हा हिशेब. सुरुवातीला नोकऱ्या वाढल्याही. पुढे तो परिणाम ओसरत गेला. दुकानांतल्या चोऱ्या मात्र वाढल्या, त्यातही बायकांच्या. मुलांचं शिक्षण मागे पडलं. पहिल्या वर्षाचे आकडे बघून कुणी शाबासकी दिली असती, तर या मुलांचा हिशेब कोणत्या वहीत लागला असता?

सगळ्यात बोलका दाखला स्वित्झर्लंडचा. तिथल्या काही गावांत शेजाऱ्याला नागरिकत्व द्यायचं की नाही, हे गावकरी गुप्त मतदानाने ठरवत. संशोधकांनी थोडक्यात जिंकलेले आणि थोडक्यात हरलेले अर्जदार शेजारी शेजारी ठेवले. दोघांत फरक जेमतेम काही मतांचा. कित्येक वर्षांनी पाहिलं, तर जिंकलेले राजकारणात जास्त भाग घेत होते, स्थानिक वर्तमानपत्रं जास्त वाचत होते आणि त्यांची कमाईही जास्त होती.

म्हणजे ‘आधी मिसळून दाखवा, मग नागरिकत्व’ हा क्रमच उलटा निघाला. नागरिकत्व मिळालं, म्हणून माणसं मिसळली. सर्वाधिक फायदा झाला तो समाजाने ज्यांना जास्त दूर ठेवलं होतं, त्यांना.

ही मतदानाची पद्धत २००३ मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. पण नागरिकत्व म्हणजे शेवटचं बक्षीस, ही समजूत अनेक देशांच्या कायद्यांत अजून ठाण मांडून आहे. पुरावा समोर असताना ती बदलायला कोणाची वाट पाहायची?