शिळं किती चालेल?

आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल पुस्तक शोधायला उठत नाहीत. दारातूनच 'अमुक आहे का हो?' असं विचारलं की ते मान वर न करता 'तिसरं कपाट, खालून दुसरा खण' म्हणतात, आणि पुस्तक तिथं असतं. कधी कधी ते तितक्याच तत्परतेने 'नाहीये' म्हणतात. ते पुस्तक सकाळीच परत आलेलं असतं, त्यांच्याच कोपराखाली पडलेलं असतं. पण आठवडाभरात तिघांना 'नाहीये' सांगून झालेलं असतं, तेव्हा चौथ्यालाही तेच मिळतं.

या वाचनालयाची वेबसाइट मी सांभाळतो. म्हणजे असं, की कार्यकारिणीच्या सभेत 'कॉम्प्युटरमधलं कोणाला कळतं?' हा प्रश्न निघाला तेव्हा माझ्या तोंडात बिस्किट होतं, त्यामुळे मला नाही म्हणता आलं नाही. ताब्यात आला तो १ जीबी रॅमचा भाड्याचा सर्व्हर आणि त्यावरचा, मागेल त्याला साइटची पानं काढून देणारा प्रोग्रॅम, एनजिनएक्स. (लिहायचं असं, वाचायचं 'इंजिन-एक्स'.) इगोर सिसोएव्ह या रशियन गृहस्थांनी तो २००४ साली सगळ्यांना खुला करून दिला. एकाच वेळी १०,००० माणसं दारात उभी राहिली तरी भांबावून जायचं नाही, ही त्यामागची ईर्षा. आमचे सभासद तीनशेच्या घरात. तरी साइट बैलगाडीच्या चालीने उघडायची.

खरं कारण पहिल्या दिवशीच दिसलं होतं. माझ्या आधीच्या हौशी सांभाळकर्त्याने कोजागरीचे फोटो मोबाइलमधून जसेच्या तसे चढवले होते, एकेक सहा एमबीचा. ते लहान केले असते तर निम्मं दुखणं तिथंच संपलं असतं. पण हाती सेटिंगची फाइल आलेल्या माणसाला असले साधे उपाय रुचत नाहीत. मी पंधरा दिवस सेटिंगच वाचत बसलो.

त्यात 'ओपन फाइल कॅश' नावाची ओळ भेटली आणि मी चमकलो, कारण ते आमचे ग्रंथपालच होते. ही सोय फायली साठवत नाही. फाइल कुठं आहे, केवढी आहे, शेवटची कधी बदलली, एवढंच ध्यानात ठेवते आणि तिचं दार उघडं ठेवते. पुस्तक टेबलावर नाही, पुस्तकाचा पत्ता डोक्यात. किती फायली ध्यानात ठेवायच्या ते आपण सांगायचं, समजा १०००. किती वेळ कोणी विचारलं नाही की विसरायचं तेही सांगायचं, समजा २० सेकंद. आणि आपल्याला माहीत आहे ते अजून खरं आहे ना, हे दर ६० सेकंदांनी पडताळायचं. 'फाइल नाही' हे उत्तरसुद्धा ध्यानात ठेवायचं का, हा प्रश्न वेगळा विचारलेला असतो आणि मुळात ते बंद असतं. ग्रंथपालांचं चालू आहे, आणि पडताळणीचा आकडा बहुधा सेकंदांत नसून महिन्यांत आहे.

पण हे झालं सर्व्हरच्या घरातलं. खरी गंमत बाहेर. प्रत्येक चित्राबरोबर सर्व्हर एक चिठ्ठी देतो की हे इतके सेकंद ताजं समज. तोवर ब्राउझरने आपल्या फडताळातलं काढून दाखवायचं, आमच्याकडे फिरकायचं नाही. मुदत टळली की ते शिळं. हे माझे शब्द नाहीत. या शास्त्राच्या नियमावलीतही ताजं आणि शिळं हेच दोन शब्द आहेत, आणि ती लिहिणाऱ्यांच्या घरी सकाळी फोडणीची पोळी होत नसणार तरी त्यांना ते सुचले, याचं मला कौतुक वाटतं. शिळं लगेच टाकायचं नसतं हेही त्यांना ठाऊक आहे. ब्राउझर सर्व्हरला विचारतो, 'माझ्याकडे अमुक तारखेचं आहे, काही बदललं का?' सर्व्हर म्हणतो, '३०४.' म्हणजे विशेष काही नाही, आहे तेच वाढ.

दर रविवारी मी आईला फोन करतो. 'काय विशेष?' 'काही नाही. तुझ्याकडे?' 'काही नाही.' या संभाषणाला आम्ही इतकी वर्षं निष्कारण फोन म्हणत होतो.

नावांच्या बाबतीत मात्र या मंडळींनी घोळ घातलाय. 'नो-कॅश' असं लिहिलं तर तुम्ही काय समजाल? साठवू नका. तसं नाही! साठवा, पण दर वेळी वाढण्यापूर्वी विचारा, असा त्याचा अर्थ. खरोखर साठवू नका म्हणायचं असेल तर 'नो-स्टोअर'. पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' छापलेलं असतं त्यातलाच हा प्रकार. छापलेलं एक, रिवाज दुसरा, आणि नवखा माणूस रिकाम्या हाताने जाऊन फजीत होतो.

आणखी एक सांगतो. पाहुणा 'बराय, येतो' म्हणाला म्हणून कोणी लगेच दार लावत नाही. चपला घालता घालता दोन गोष्टी निघतातच. 'कीप-अलाइव्ह' म्हणजे तेच, काम झालं तरी थोडा वेळ दार उघडं. एनजिनएक्सने न सांगताच ७५ सेकंद धरलेत. आमच्या जिन्यात हा आकडा अर्ध्या तासाच्या खाली कधी आलेला नाही.

आता माझा पराक्रम. 'एक्स्पायर्स' या सेटिंगला वेळ द्यायची असते. तास, दिवस, आठवडा, काहीही. तिथं 'मॅक्स' असाही एक शब्द चालतो. तो लिहिला की एनजिनएक्स चित्रावर ३१ डिसेंबर २०३७, रात्री ११ वाजून ५५ मिनिटं ५५ सेकंद अशी मुदत मारतो, आणि शिवाय दहा वर्षं ताजं समज असंही सांगतो. २०३७च का? जुन्या ३२ बिटांच्या यंत्रांतली सेकंदांची मोजणी १९ जानेवारी २०३८ ला संपते, म्हणून त्याच्या अलीकडचा ३१ डिसेंबर. मला ती तारीख फार आवडली. सगळ्या चित्रांना 'मॅक्स' लावून मी शांत झोपलो. साइट खरंच भुर्रकन उघडू लागली आणि अध्यक्षांनी सभेत माझं नाव घेतलं.

तिसऱ्या दिवशी व्याख्यानमालेची वेळ बदलली. साडेसहाऐवजी सहा. वेळापत्रक चित्राच्या रूपात होतं. मी त्याच नावाने नवं चित्र चढवलं, माझ्याकडे नीट दिसलं, झालं. पण ज्यांनी आधी उघडलं होतं त्यांच्या फडताळात साडेसहाच होते, दहा वर्षं ताजे. आणि त्यांच्याकडून परत मागवण्याची कुठलीही सोय नाही. हळदीकुंकवाला दिलेलं वाण जसं परत मागता येत नाही, तसंच. ते लोक आमच्या सर्व्हरला विचारायलाच येत नव्हते, त्यामुळे लॉगमध्ये त्यांचं पाऊलही उमटलं नाही. 'मी बदललंय' असं मी फोनवर सांगत होतो आणि पलीकडून 'माझ्याकडे साडेसहाच आहे' असं येत होतं. दोघंही खरं बोलत होतो.

व्याख्यान सहाला सुरू झालं. साडेसहाला बाराजण आले, पुढे खजिनदार. वक्ते सज्जन गृहस्थ, त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. वेळेवर आलेल्यांनी पहिला अर्धा तास दोनदा ऐकला आणि शिळ्या कढीला ऊत म्हणजे काय हे त्यांना प्रत्यक्ष कळलं.

उपाय सोपा होता, फक्त मला उशिरा सुचला. चित्राला खुशाल दहा वर्षं द्या, पण बदललं की त्याचं नावच बदला. आणि ज्या पानात ते नाव लिहिलंय त्या पानाला 'नो-कॅश' लावा, म्हणजे ते दर वेळी विचारून येईल. मोठा शोध लागल्यासारखा मी हे ग्रंथपालांना सांगायला गेलो. त्यांनी मान वर केली नाही.

'पुस्तकाची नवी आवृत्ती आली की तिला जुन्याचा दाखल क्रमांक देत नाही आम्ही,' ते म्हणाले. 'नवा देतो. पहिल्यापासून.'

यंदाची व्याख्यानमालाही संध्याकाळी सहा वाजताच आहे. तुमच्याकडे अजून साडेसहा दिसत असतील तर कंट्रोल दाबून धरा आणि एफ-५ दाबा. मोबाइलवर असाल तर या फंदात पडू नका, सरळ पावणेसहाला या.