दाजींनी न चाखलेली वाईन

नरडाणा हे मुक्कामाचं कमी आणि ओलांडायचं जास्त गाव आहे. मुंबई-आग्रा महामार्ग अंगावरून जातो, सुरत-भुसावळ रेल्वे कुशीतून जाते आणि दोन्हींवरच्या प्रवाशांना आम्ही खिडकीतून दिसतो तेवढेच. त्यामुळे दाजींनी ‘सांतियागोला चाललो’ असं जाहीर केलं तेव्हा पारावर कुणी दचकलं नाही. फक्त एकाने विचारलं, “हाई कथा शे भो? सुरतना पल्याड का?”

“हा, पल्याडच,” दाजी म्हणाले.

भाचा तिथे, चिलीत, सॉफ्टवेअरच्या नोकरीत. त्याने आई-बापाला बोलावलं, पण ताईच्या गुडघ्यांनी नकार दिला आणि तिच्या जागी माझी वर्णी लागली. माझा हेतू उघड होता. नाशिकच्या वायनरीत चार घोट घेऊन आलेला माणूस नरडाण्यात वाईनचा जाणकार समजला जातो, आणि हे पद सध्या माझ्याकडे आहे. चिली-अर्जेंटिना केल्याशिवाय ते टिकलं नसतं. दाजी मात्र माळकरी. थेंबालाही शिवायचे नाहीत. पण नाक असं, की उभा जन्म कापूस आणि भुसारात गेल्यामुळे पोत्याजवळून चालत गेले तरी माल ओला की सुका ते सांगतील.

सांतियागोच्या विमानतळावरच पहिला खटका उडाला. लेकाच्या गॅलरीत लावायला म्हणून दाजींनी बामणोदच्या भरताच्या वांग्यांचं बी पुरचुंडीत बांधून आणलं होतं. तपासनिसाने ते दोन बोटांत धरून असं बाजूला ठेवलं, की जणू आत विंचू आहे. दाजी दिवसभर घुम्यासारखे बसले. भाच्याने समजावलं, की एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा नावाच्या किडीने युरोपातल्या द्राक्षवेली मुळापासून खाल्ल्या, चिली मात्र वाचला. तिथल्या वेली अजून पुष्कळ ठिकाणी स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत. म्हणून ही सगळी सोवळ्याची तऱ्हा.

“मग बरोबर शे,” दाजी म्हणाले. शेतकऱ्याने बियाण्याची काळजी घेतली, तर त्यांना राग धरता येत नाही.

याच किडीच्या गडबडीत कार्मेनेर नावाची द्राक्षाची जात फ्रान्समधून जवळजवळ नाहीशी झाली होती. चिलीत ती मेर्लो म्हणून सुखाने नांदत होती. १९९४ साली बूर्सिको नावाच्या फ्रेंच तज्ज्ञाने मळ्यात वेली पाहिल्या आणि ओळखलं, की बाई वेगळीच आहे. मी हे ऐकून गंभीर चेहऱ्याने ग्लास फिरवत होतो. दाजी म्हणाले, “म्हणजे शंभर वर्षं सातबाऱ्यावर नावच चुकलेलं!”

कोंचा इ तोरो ही तिथली १८८३ सालची वाईन कंपनी. तळघरातल्या उंची बाटल्या चोरीला जायच्या, म्हणून मालकाने आत सैतान राहतो अशी आवई उठवली, असं तिथे सांगतात. आता त्याच सैतानाच्या नावावर जगभर बाटल्या खपतात. पर्यटकांना अंधारात नेऊन त्याची सावलीही दाखवतात. “पिणारा भुताला भितो, हे कोणत्या गावात?” दाजींनी माझ्याकडे बघून विचारलं. माझ्याकडे का बघितलं, ते मी विचारलं नाही.

मग बसने अँडीज ओलांडून अर्जेंटिनातलं मेंडोझा. वाटेत ६,९६१ मीटरचा अकोन्काग्वा दिसतो. दाजी झोपले होते.

मेंडोझात माल्बेक. मूळची ही जातही फ्रान्सची. १८५३ साली तिथे शेतीशाळा निघाली आणि तिच्यासाठी मिशेल पूजे नावाच्या माणसाने ही वेल आणली. घरी काळवंडलेली पोर इथल्या कोरड्या उन्हात खुलली, असं तिथले लोक कौतुकाने सांगतात. चाखणीला बसवलेल्या मुलीने आम्हाला वास घ्यायला लावलं: काळं आलुबुखार, व्हॅनिला, तंबाखू, चामडं. मी चारही गोष्टींना मान डोलावली. थुंकायला चकचकीत भांडंही ठेवलं होतं. गायछापच्या मुलखातला मी, थुंकण्यात कुणाला हार जाणारा नाही. पण तिकीट काढून घेतलेला घोट थुंकायचा म्हणजे काळीज दगडाचं पाहिजे. भांडं शेवटपर्यंत कोरडं राहिलं.

दाजींनी आपल्या ग्लासात फक्त नाक घातलं. “याला लाकडाचा वास लागलाय. पिंप बदलायला सांग.”

भाच्याने जपून भाषांतर केलं. मुलगी खूश झाली. ओकच्या पिंपाचाच तो वास, व्हॅनिलाही त्यातूनच येते आणि तिथे पैसे त्याचेच असतात. दाजींनी कपाळाला हात लावला.

दुसरा ग्लास येईपर्यंत दाजी गायब. शोधलं तर ते मळ्याच्या कडेला, पाटावर. मेंडोझात वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस. आमचा शिंदखेडा तालुका त्यापुढे कोकण म्हणायचा. जे पाणी येतं ते अँडीजच्या बर्फाचं, स्पॅनिश लोक यायच्या आधीपासून वार्पे लोकांनी काढलेल्या पाटांतून. त्यांना असेकिया म्हणतात आणि शहरातल्या रस्त्यांच्या कडेनेही ते वाहतात. १८८४च्या कायद्याने पाण्याचा हक्क जमिनीला बांधलेला. पाणी पाळीने, आणि दारं उघडणारा माणूस तोमेरो.

दाजींचं आजोळ साक्री तालुक्यात, पांझरेकाठी. तिथली फड बागायत त्यांनी पोरपणी पाहिलेली: नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि पाटकरी, जागल्या, हवालदार अशी माणसं. त्यांची मजुरी धान्यात. त्यामुळे तोमेरो दिसताच दाजींना परदेश उरलाच नाही. पाळी किती तासांची, रात्रीची पाळी कुणाच्या गळ्यात, दार चोरून उघडलं तर दंड काय, असे प्रश्न सुरू होते. भाषांतर करून भाचा घामाघूम झाला होता.

“इचार रे त्याले, शेवटना वावरलोंग पानी पोचस का?”

तोमेरो फावड्यावर रेलून खळखळून हसला. भाचा म्हणाला, “तो म्हणतोय, वरच्या वावरात कोण बसलंय त्यावर आहे.”

दाजींनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. तेवढ्यात ती मुलगी आमचे ग्लास घेऊन मळ्यातच आली. दाजींनी आपला उचलून तोमेरोच्या हातात दिला. त्याने ना फिरवला, ना हुंगला. उभ्याउभ्या एका दमात रिकामा केला, मिशा पुसल्या, घड्याळ पाहिलं आणि पुढचं दार उघडायला निघाला. त्याच्यामागोमाग दाजी, धोतर सावरत. चामड्याचा वास शोधत मी एकटाच उरलो.