नानांची जीप आणि डिझेलचा काटा

सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशी माणूस फार. जळगाव, धुळे, नंदुरबारहून यंत्रमागावर किंवा कापड बाजारात कामाला आलेल्यांची ही वस्ती. तिच्यात जुन्या डिझेल जीपचा मालक हा नमुना हमखास सापडतो. वय साठीपुढे, गल्लीत ओळख ‘नाना’ किंवा ‘आप्पा’, राहणं सुरतेच्या जीजे-५ मध्ये आणि जीव जळगावच्या एमएच-१९ मध्ये. जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, त्यामुळे नाना आपल्या मुख्य विवंचनेवर बसूनच गाडी चालवतात. ही विवंचना म्हणजे डिझेलचा काटा.

काट्याची यंत्रणा साधी आहे. टाकीत एक फ्लोट तरंगतो. त्याचा तारेचा दांडा वरखाली झाला की दुसऱ्या टोकाची छोटी पत्ती रोधक तारेच्या गुंडाळीवर सरकते. पत्तीच्या जागेप्रमाणे विजेला होणारा अडथळा कमीजास्त होतो आणि त्या मानाने डॅशबोर्डवरचा काटा हलतो. टाकीतल्या या सगळ्याला गॅरेजमध्ये ‘टँक युनिट’ म्हणतात. नाना नुसतं ‘फ्लोट’ म्हणतात आणि मेकॅनिकनेही तसंच म्हणावं अशी त्यांची अपेक्षा असते.

हे युनिट गंजायला सुरतेची हवा पुरेशी आहे. समुद्र जवळ, पावसाळा लांबलचक, आणि टाकी बहुधा अर्धी रिकामी. रिकाम्या जागेतली दमट हवा रात्री थंडावते, तिचं पाणी होतं, आणि गुंडाळीवर व पत्तीवर हिरवट-काळा थर चढतो. युनिटच्या वरच्या नटाला ओल्या चपलांचं पाणी मिळतं ते वेगळंच. ही कारणं नानांना फार किरकोळ वाटतात. त्यांच्या मते दोष ऑगस्ट २००६ च्या पुराचा. तेव्हा उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा मोठा भाग बुडाला होता. तापी खानदेशातूनच खाली येते, तेव्हा आपल्याच गावच्या पाण्याने आपल्याला दगा दिला, अशी त्यांची मांडणी असते. गाडी त्या आठवड्यात नंदुरबारला साडूंच्या अंगणात कोरडी उभी होती, हे घरचे दरवेळी सांगतात. नानांना ते एकदाही ऐकू येत नाही.

गाडी डिझेलची असल्याने काटा बिघडणं महागात पडतं. पेट्रोल संपलं तर बाटलीभर ओतून गाडी निघते. डिझेल संपलं की पाइपात हवा शिरते. मग फिल्टरचा बोल्ट सैल करून हातपंप मारत एअर काढावी लागते, तीही भर उन्हात, व्याह्यांच्या देखत. म्हणून काटा बिघडल्याच्या काळात नाना लाकडी पट्टी बाळगतात. ती टाकीत बुडवायची, ओल कुठवर आली ते बघायचं. मोजमापाची ही पद्धत अचूक आहे, पण ती राबवताना पुढच्या सीटवरच्या बाईमाणसांना खाली उतरावं लागतं.

दोष शोधायला चावी चालू करून युनिटची वायर काढतात आणि क्षणभर बॉडीला टेकवतात. काटा एका टोकाला धावला आणि वायर उचलताच परतला, तर मीटर ठीक, बिघाड खाली. त्यानंतर अर्थिंग बघायचं असतं. टाकी आणि चॅसिसमध्ये गंज बसला असेल तर एका नव्या वायरीवर काम भागतं. ही पायरी नाना गाळतात. दहा रुपयांत बरा होणारा आजार त्यांच्या जीपला जडणं शक्य नसतं.

सुरती मेकॅनिक एवढंच म्हणतो, “नाना, नवुं नखावी दो.” नव्यात पूर्वीचं पितळ राहिलं नाही, हे नानांचं उत्तर गेली पंधरा वर्षं तयार आहे.

मग उघडण्याचा सोहळा. टाकी जवळपास रिकामी करायची, बॅटरीची निगेटिव्ह काढायची, विडीवाल्या मित्रांना ओट्यावर पाठवायचं. गंजलेल्या स्क्रूंवर आदल्या रात्री तेल सोडलं नसेल तर त्यांची डोकी घासतात. नानांनी तेल सोडलेलं नसतं. बहुतेक युनिटना पाच स्क्रू असतात आणि त्यांची भोकं मुद्दाम असमान अंतरावर पाडलेली असतात, म्हणजे युनिट एकाच दिशेने बसावं. बसवताना नाना उरलेल्या चार दिशाही तपासतात.

सफाईला खरखरीत पॉलिश पेपर वापरू नये, रोधक तार झिजते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आणि सुती चिंधी पुरते. पत्ती किंचित वाकवून तिचा दाब वाढवायचा आणि दांडा हळूहळू फिरवत मल्टिमीटरवर आकडा न अडखळता बदलतो का ते बघायचं. मीटर धरण्यासाठी डिप्लोमाला असलेला पुतण्या बोलावला जातो. आकडा वाचण्याचा अधिकार मात्र नानांचा. फ्लोट कानाशी हलवल्यावर आत डुचमळलं तर त्याला भोक आहे. आतलं डिझेल पुरतं काढल्याशिवाय त्याला डाग देणं धोक्याचं. नवीन गॅस्केट टाकून युनिट बसवलं की पाच-पाच लिटर ओतत काटा कुठे येतो ते टिपून घेतात. या नोंदी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर होतात.

दुरुस्तीची परीक्षा गावाच्या प्रवासात होते. गुजरातेत डिझेल बरेचदा स्वस्त पडतं, म्हणून सोनगडला टाकी गच्च भरायची आणि महाराष्ट्रात थेंबही न घेता परत सोनगड गाठायचं, हा नानांचा वर्षानुवर्षांचा नेम. काटा मेलेला होता तोवर तो बिनघोर पाळला गेला. आता परतीच्या वाटेवर कोंडाईबारी घाटाच्या उतारात टाकीतलं डिझेल एका बाजूला झुकतं, काटा लालावर येतो, आणि विसरवाडीच्या पंपावर नाना महाराष्ट्राच्या भावाने दहा लिटर भरून घेतात. घरी पट्टी बुडवल्यावर समजतं की आधीचं डिझेलच सोनगडपर्यंत पुरलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते युनिटची वायर काढून ठेवतात.