हिवाळी सॅल्मन : होतकरूंसाठी सूचना

प्यूजेट साउंडमध्ये हिवाळी सॅल्मनच्या मागे निघणाऱ्याने सर्वांत आधी चष्मा पुसावा. गळ, दोर, बोट हे सगळं नंतर. पहिली गाठ पडते ती वॉशिंग्टन राज्याच्या मासेमारी नियमपुस्तिकेशी, आणि तिचा टाइप बारीक असतो. पुस्तिका पाठ झाली असं वाटू लागलं की मत्स्य विभागाची ताजी सूचना पाहावी. बहुधा पाठ झालेल्या पानावरच दुरुस्ती आलेली असते.

आता जागेविषयी. सिॲटल आणि टॅकोमा ज्याच्या काठावर वसली आहेत तो प्यूजेट साउंड म्हणजे हिमनद्यांनी कोरलेल्या दऱ्यांत शिरलेला समुद्र. बेटं आणि भूशिरं यांच्या आडोशामुळे पॅसिफिकच्या उंच लाटा इथवर पोचत नाहीत, म्हणून या पाण्याला शांत म्हणायची पद्धत आहे. या शांत पाण्यात भरती-ओहोटीचा फरक चार मीटरपर्यंत जातो आणि उत्तरेला डिसेप्शन पासच्या चिंचोळ्या वाटेत प्रवाह आठ नॉटपर्यंत धावतो. गळ ओढत फिरणारी बोट दोन-अडीच नॉटने चालते. उरलेलं गणित होतकरूने स्वतः सोडवावं, शक्यतो किनाऱ्यावर बसून. डिसेंबरात सूर्य साडेचारच्या आत मावळतो, तेव्हा गणित लवकर सुरू केलेलं बरं.

मासा मात्र या थंडीत घरीच असतो. चिनूक हा पॅसिफिक सॅल्मनमधला सर्वांत मोठा. तो नदीत जन्मतो, समुद्रात जाऊन काही वर्षं खाऊन-पिऊन वाढतो आणि अंडी घालायला नदीत परततो. यांतली काही पोरं महासागराकडे फिरकतच नाहीत, साउंडमध्येच मोठी होतात. हिरड्या काळ्या म्हणून या पोरांना ब्लॅकमाउथ म्हणतात. हौशी मच्छीमारांना हिवाळ्यातही काहीतरी मिळावं म्हणून १९७०च्या दशकात राज्याच्या मत्स्यबीज केंद्रांनी एक युक्ती चालवली: पिल्लांना नेहमीपेक्षा जास्त दिवस तळ्यात ठेवायचं आणि उशिरा सोडायचं. उशिरा सुटलेल्या पिल्लांची लांब जायची हौस बरीच ओसरलेली असते. म्हणजे सरकारी खर्चाने जन्मलेला, सरकारी खाद्यावर पोसलेला आणि ठरवून घरकोंबडा केलेला हा मासा परत मिळवण्यासाठी नागरिकाने पदरचे पैसे घालून बोट, ट्रेलर, पेट्रोल आणि परवाना घ्यायचा. या व्यवहारात माशाखेरीज कुणाचीच तक्रार नाही.

सरकारी मासा ओळखण्याची खूणही सरकारनेच करून ठेवलेली आहे. सॅल्मनच्या पाठीवर, मोठा पर आणि शेपूट यांच्या मधोमध, नखाएवढा मऊ पर असतो. केंद्रातून सोडण्याआधी तो कापतात. १९९९ साली प्यूजेट साउंडचा चिनूक संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली आला. तेव्हापासून नदीत आपसूक जन्मलेल्या माशाचा मान मोठा आहे. बहुतेक ठिकाणी पर कापलेला मासाच ठेवता येतो. पर शाबूत असलेला मासा पाण्यातल्या पाण्यातच सोडायचा. त्याला बोटीत घेणं हासुद्धा गुन्हा. म्हणून होतकरूने एक दृष्टी कमावावी. मासा बोटीच्या कडेला पाणी उडवत गिरक्या घेतो आहे, बोट हलते आहे, चष्म्यावर पाऊस आहे, आणि अशा वेळी पाठीवर नसलेली वस्तू स्पष्ट दिसली पाहिजे. नसलेली वस्तू दिसली की जाळं घालावं. दिसली नाही, म्हणजे असलेली दिसली, तर माशाची माफी मागून गळ सोडवावा.

गळ पटकन सुटावा म्हणून त्याच्या टोकाचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबून बसवायचा असतो. मासा निसटू नये म्हणून माणसाने हजारो वर्षांपूर्वी काढलेली सोय मासा निसटावा म्हणून रद्द करण्यात आली आहे. शिवाय मासा साधारण २२ इंचांचा, म्हणजे ५६ सेंटिमीटरचा तरी हवा. ५५ सेंटिमीटरच्या माशाशी वाद घालू नये.

हंगाम कधी, हा प्रश्न होतकरूने चारचौघांत विचारू नये. लोक घड्याळाकडे पाहू लागतात. थोडक्यात असं. १८५४-५५च्या करारांत इथल्या मूळ रहिवासी जमातींनी जमीन दिली, पण मासेमारीचा हक्क राखून ठेवला. राज्याने तो हक्क जवळजवळ शतकभर कागदावरच ठेवला. १९७४ साली न्यायमूर्ती जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की पकडण्याजोग्या माशांपैकी अर्ध्यापर्यंत वाटा जमातींचा आहे, आणि १९७९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा गाभा उचलून धरला. आता जमाती आणि राज्य मिळून दर वसंतात 'नॉर्थ ऑफ फाल्कन' नावाच्या बैठकांत वर्षाचं वेळापत्रक ठरवतात. त्यात हिवाळी चिनूकचे दिवस गेल्या काही वर्षांत बरेच आटले आहेत, आणि ठरलेले दिवसही पुरे मिळतील असं नाही. कारण काही विभागांत हिशेब फक्त मारलेल्या माशांचा नसतो, भेटलेल्या माशांचाही असतो. गळाला लागून सोडलेली लहान पोरंही मोजली जातात आणि भेटींचा कोटा भरला की मासेमारी बंद. मासे फार लागतात म्हणून हंगाम गुंडाळला जातो, हे ऐकून गोंधळलेल्याने पुन्हा पहिल्या परिच्छेदाकडे जावं आणि चष्मा पुसावा.

साहित्य पुढीलप्रमाणे. पाच-सहा किलोचा शिशाचा गोळा. तो तारेवर खाली सोडणारं डाउनरिगर नावाचं रहाट. गळाचा दोर त्या तारेला पकडून ठेवणारा चिमटा. पाण्यात गरगर फिरून चकाकणारी फूटभर लांबीची फ्लॅशर पट्टी. तिच्या मागे प्लॅस्टिकचं छोटं माकूल, धातूचा चमचा किंवा खरा हेरिंग. ब्लॅकमाउथ हिवाळ्यात बहुधा तळाशी हिंडतो, कारण त्याचं आवडतं खाणं, सॅण्ड लान्स नावाचा सुतळीसारखा मासा, स्वतःला वाळूत पुरून घेतो. म्हणून तीस ते पन्नास मीटर खोल गोळा न्यायचा आणि तळाला हलकेच टेकवत चालायचं. तळाला वाळू असेल तर ठीक. खडक असेल तर गोळा समुद्रार्पण करावा आणि दुकानदाराला फोन करावा. टॅकोमाजवळचे क्ले बँक्स, सिॲटलसमोरचं जेफरसन हेड आणि व्हिडबी बेटाच्या दक्षिण टोकाचा पझेशन बार या जागांची नावं दुकानात सगळेच सांगतात. कोणत्या खोलीवर मासा लागला ते कुणीच सांगत नाही. सांगितलंच तर त्यात दहा मीटर अधिक-उणे करावेत.

बोटीवर केळं नेऊ नये. केळं आलं की मासे जातात, ही तिथल्या मच्छीमारांची गाढ श्रद्धा आहे, आणि अनोळखी पाहुण्याची पिशवी त्यासाठी तपासली जाऊ शकते. सिॲटल परिसरातल्या मराठी होतकरूने इथे विशेष सावध राहावं. आदल्या दिवशी कुणाकडे सत्यनारायण झाला असेल तर प्रसादाचा शिरा डब्यात घालून आणण्याचा मोह होतो. त्यात काय घातलंय, हे दिवस रिकामा जाईपर्यंत सांगू नये.

पाण्यावर पहिल्यांदा जो लागेल तो सॅल्मन नसेल. तो डॉगफिश असेल, म्हणजे आपल्या मोरीचा भाऊबंद, पाठीवर काटे असलेला छोटा शार्क. तिथले लोक त्याला शिव्या घालत सोडून देतात. मालवणी माणसाने त्या वेळी तोंड दुसरीकडे वळवावं.

दुसरी भेट सीलची किंवा सी-लायनची. गळाला लागलेला सॅल्मन पळून जाऊ शकत नाही, हे त्यांनी माणसाआधी ओळखलेलं आहे. आपण मासा वर ओढत असताना ते खालून येतात आणि दोराला फक्त डोकं उरतं. १९७२च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे. ओरडून काही उपयोग होत नाही. याहून जालीम उपायही करून झाले आहेत. १९८०च्या दशकात सिॲटलच्याच बॅलार्ड लॉक्सपाशी, जिथे मासे शिडीच्या पायऱ्या चढून गोड्या पाण्यात जातात, सी-लायन तोंड उघडून बसू लागले आणि स्टीलहेड, म्हणजे समुद्रात जाऊन येणारा ट्राउट, फस्त करू लागले. लोकांनी त्यांना हर्शेल असं नाव दिलं. फटाके फोडून झाले. काहींना उचलून पार कॅलिफोर्नियाला नेऊन सोडलं; ते काही आठवड्यांत पोहत हजर. १९९६मध्ये एका रेडिओ स्टेशनने पुढाकार घेऊन फायबरग्लासचा किलर व्हेल पाण्यात उभा केला. सी-लायननी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. शेवटी त्यांतल्या काही बड्या मंडळींची रवानगी फ्लोरिडाच्या सी-वर्ल्डमध्ये झाली, जिथे मासे बादलीतून मिळतात. स्टीलहेडचा थवा तोवर जवळजवळ संपला होता.

खरा किलर व्हेल दिसला तर खेळ थांबवावा. इथले स्थानिक किलर व्हेल पंच्याहत्तरच्या आसपासच उरले आहेत आणि त्यांचं मुख्य अन्न चिनूकच. २०२५पासून वॉशिंग्टनच्या कायद्याने बोटींनी त्यांच्यापासून हजार यार्ड, म्हणजे नऊशे मीटरहून जास्त, लांब राहायचं आहे.

एका बाबतीत थट्टा नको: लाइफ जॅकेट. हिवाळ्यात हे पाणी आठ-नऊ अंशांवर येतं. मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गिसब्रेख्ट थंड पाण्याबद्दल एक-दहा-एक असा हिशेब शिकवतात: पडल्यावर श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटं, आणि शरीर गारठून शुद्ध हरपायला सुमारे एक तास. जॅकेट नसेल तर माणूस त्या तासापर्यंत पोचतच नाही, आधीच बुडतो. जॅकेट सीटखाली ठेवलेलं असेल तर पहिल्या मिनिटात ते तिथेच असतं.

मासा लागल्यास रॉडचं टोक एकदम सुटून वर उसळतं, बोटीवरचे सगळे एकाच वेळी वेगवेगळे हुकूम देऊ लागतात आणि ज्याच्या हातात रॉड असतो तो कुणाचंच ऐकत नाही. पुढचं सुचत जातं.

धक्क्यावर परतल्यावर मत्स्य विभागाचा एखादा तरुण कर्मचारी छत्री नसताना उभा असतो. तो माशाच्या डोक्यावरून धातुशोधक दांडी फिरवतो. काही माशांच्या नाकाडात मिलिमीटरभर लांबीची तार बसवलेली असते. त्यावरच्या खुणांवरून तो कोणत्या केंद्रातला, कोणत्या वर्षीचा, ते कळतं. दांडी वाजली तर डोकं सरकारजमा. धड घरी न्यावं. चिनूकला अंगचंच तेल भरपूर, तेव्हा तव्यावर जास्त ओतू नये. आणि फोनवर घरच्यांना रावस पकडला असं सांगू नये, मुंबईत इंडियन सॅल्मन म्हणून विकला जाणारा रावस या कुळातला नाही. मासा मिळाला नसेल तरी कर्मचारी प्रश्न विचारतो. किती तास होता, किती सोडले, किती लहान होते, ही उत्तरं खरी द्यावीत, शून्यासकट.

परवाना ३१ मार्चला संपतो. नवा १ एप्रिलपासून लागू होतो. ही तारीख राज्याने स्वतः निवडलेली आहे.