खरकट्या हाताची नोंद

आमच्या सोसायटीच्या गेटवरचे मामा रात्री नऊला डबा उघडतात. परवा रिक्षाची वाट बघत तिथेच उभा होतो. दोन भाकऱ्या संपेपर्यंत मामा सात वेळा उठले. पार्सलवाला, पाण्याचा टँकर, कोणाची तरी कॅब. उजवा हात खरकटा, म्हणून रजिस्टरमध्ये नोंद डाव्या हाताने. त्या पानावरची नऊ ते साडेनऊची अक्षरं बघा, सगळी वाकडी आहेत.

"मामा, जेवणाची सुट्टी नाही का?"

"रिलिव्हर आला तर सुट्टी, साहेब. तो येतच नाही."

एजन्सीच्या हजेरीपत्रकात मात्र ही सुट्टी रोज न चुकता लागते. बारा तासांच्या ड्यूटीतून अर्धा तास वजा, पगार साडेअकरा तासांचा. महिन्याला २६ ड्यूट्या धरल्या तर १३ तास झाले. म्हणजे एक अख्खी ड्यूटी फुकट, वर आणखी एक तास. याला मी चोरी म्हणतो.

हा अर्धा तास कोणी दान दिलेला नाही. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा घेतली. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. त्यात रविवारच्या सुट्टीबरोबरच दुपारी अर्धा तास विश्रांतीची मागणी होती. १८९० मध्ये मिळालेला रविवार आपल्याला आठवतो, कारण तो आपल्यालाही मिळतो. अर्धा तास विसरलो.

राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने सलग पाच तास कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती सक्तीची केली. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने त्या पाचाचे सहा करायला मंजुरी दिली. रिकाम्या पोटी आणखी एक तास काढायची ही मुभा कोणत्या कामगाराने मागितली होती?

विश्रांतीचा वेळ कामाच्या तासांत धरत नाहीत, हे मान्य. पण ती विश्रांती असली पाहिजे. माणूस जागेवरून हलू शकत नसेल, हॉर्न वाजला की घास खाली ठेवून धावत असेल, तर तो कामावरच आहे. त्या वेळेचा पगार द्या, नाहीतर त्याच्या जागी दुसरा माणूस उभा करा. तिसरा रस्ता नाही.

ठेकेदार म्हणतो, सोसायटी रिलिव्हरचे पैसे देत नाही. त्याचं हे म्हणणं खरं आहे. सगळ्यात कमी दराचं कोटेशन आम्हीच निवडलं. त्या स्वस्ताईत मामांचं जेवणही कापलं गेलंय, हे सही करताना कोणी विचारलं नाही.

येत्या रविवारी सभा आहे. रिलिव्हरचा खर्च विषयपत्रिकेवर घ्या, असं पत्र मी सेक्रेटरींना दिलंय. फ्लॅटमागे किती पडेल, तो आकडाही त्यातच लिहिलाय.