वाया गेलेल्या वेळेचे गुण

वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट'चा हिशेब सरळ आहे. प्रश्न १८०, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं की १ वजा. म्हणजे एक प्रश्न सोडला तर ७१६, चुकला तर ७१५. तरी २०२४ च्या निकालात ७१८ आणि ७१९ वालेही निघाले. शुक्रवार पेठेतल्या किराणावाल्यानं उधारीच्या वहीत अशी बेरीज मांडली असती, तर गिऱ्हाइकानं वही तोंडावर मारली असती.

खुलासा आला: काही केंद्रांवर वेळ वाया गेला, म्हणून १५६३ जणांना वाढीव गुण दिले. बोंबाबोंब झाल्यावर ते काढूनही घेतले. तिकडे पोरांच्या बाह्या नि चपला तपासण्यात यंत्रणा एवढी गुंतली, की हजारीबागेत परीक्षेआधीच पेटीतून पेपर निघाला त्याचा पत्ताच नाही!

पण वाया गेलेल्या वेळेचे गुण, ही कल्पना आम्हा सोलापूरकरांना फार आवडली. आमच्याकडे नळ चार-चार दिवसांनी येतो, तोही अवेळी. रात्रभर घागरी भरून सकाळी चाचणीला बसणाऱ्या पोरीला किती द्यायचे, तेवढं सूत्र दिल्लीहून कळवा. अर्ज तिनं लिहून ठेवलाय.